केमो घ्यायची की नाही?

डोंबिवली-कल्याणहून लोकलने परळ गाठून टाटा मेमोरियलच्या ओपीडीत बसलेल्या बाईच्या हातात स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतरचा पॅथॉलॉजी रिपोर्ट असतो. केमोचा निर्णय बराचसा त्याच कागदावर ठरतो: गाठीचा आकार, ग्रेड, काखेतल्या ग्रंथी, ईआर व पीआर हे हार्मोन रिसेप्टर आणि हर-टू हे प्रथिन.

गाठ ट्रिपल निगेटिव्ह (म्हणजे हे तिन्ही निगेटिव्ह) किंवा हर-टू पॉझिटिव्ह असेल, तर अगदी लहान गाठी सोडल्यास केमो बहुधा लागतेच. घोळ होतो तो ईआर पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह आणि ग्रंथी स्वच्छ असलेल्यांचा. 2018 साली जाहीर झालेल्या ‘टेलरएक्स’ चाचणीत अशा दहा हजारांवर स्त्रिया होत्या. कर्करोग परतण्याचा धोका सांगणाऱ्या 21 जनुकांच्या तपासणीत मधला गुण आलेल्यांपैकी पाळी गेलेल्यांना हार्मोनच्या गोळ्यांवर केमोची भर घालून फायदा झाला नाही. पन्नाशीच्या आतल्या काहींना थोडा झाला. आपल्याकडे रुग्ण तुलनेने तरुण असतात, हे इथे विसरू नये.

21 जनुकांची ही तपासणी लाखांच्या घरात जाते. बंगळुरूत विकसित झालेली, अशाच कामाची ‘कॅनअसिस्ट ब्रेस्ट’ तपासणी स्वस्त पडते.

केमोने केस गळतात, पण बहुधा परत येतात. शेजारणीच्या अनुभवावरून मात्र काही ठरवू नये. डॉक्टरांना सरळ विचारा: केमोने माझा धोका शेकडा किती कमी होईल?