जुनी छायाचित्रे आणि गतकाळाची स्मृती

होळकर, शिंदे वा निजाम यांच्या काळाचा उल्लेख होताच आपल्या डोळ्यांसमोर काही ठरावीक चित्रे उभी राहतात. दरबार, हत्ती, शिकार, किल्ल्याची तटबंदी, खुर्चीवर ताठ बसलेले सरदार. ही चित्रे आपण ज्यांतून घेतली, ती छायाचित्रे बहुतांशी व्यवसाय म्हणून काढलेली होती, याचे स्मरण मात्र आपणांस क्वचितच असते.

या संदर्भात लाला दीनदयाळ यांचे कार्य अभ्यासण्याजोगे आहे. मेरठजवळील सरधना येथे १८४४ साली त्यांचा जन्म झाला. रुडकी येथील अभियांत्रिकी शिक्षणानंतर ते इंदूरच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीस लागले व तेथेच १८७४च्या सुमारास छायाचित्रणाकडे वळले. महाराज तुकोजीराव होळकर (द्वितीय) यांचे त्यांना प्रोत्साहन लाभले. पुढे सर लेपेल ग्रिफिन यांच्यासमवेत मध्य भारताचा दौरा करून त्यांनी ग्वाल्हेर, सांची आदी ठिकाणच्या वास्तूंची छायाचित्रे घेतली. सहावे निजाम महबूब अली खान यांनी त्यांस दरबारी छायाचित्रकार नेमले व ‘राजा मुसव्विर जंग’ हा किताब दिला.

त्यांच्या कलेविषयी आम्हांस नितांत आदर आहे. त्या काळी जड कॅमेरा, तिपाई व काचेच्या प्लेटी बैलगाडीतून वाहून नेणे हेच मोठे दिव्य होते. परंतु व्यवसाय म्हटला की गिऱ्हाईक आले. संस्थानिक व इंग्रज अधिकारी यांस जे हवे, ते टिपले गेले. प्रवाशांस ज्या वास्तूंची चित्रे विकत हवी असत, त्यांच्या प्रती पुनःपुन्हा निघाल्या व तेवढ्याच वास्तू ‘प्रसिद्ध’ ठरल्या. पेठेतील तांबट, कोष्टी, पाणक्या अथवा धुणे धुणाऱ्या स्त्रिया यांनी पैसे देऊन आपले चित्र काढविण्याचा प्रश्नच नव्हता. पडदानशीन स्त्रियांसाठी दीनदयाळ यांनी हैदराबादेत १८९२ साली स्वतंत्र जनाना स्टुडिओ काढला व तो एका इंग्रज बाईंकडे सोपविला. पण तोही संपन्न घराण्यांपुरताच.

निजाम राज्यातील औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) भागाच्या दुष्काळनिवारण कार्याची छायाचित्रेही त्यांच्या संग्रहात आहेत. हा मुलूख मराठी भाषिकांचा. मात्र ती राज्याने केलेल्या मदतीची नोंद म्हणून काढलेली आहेत. मदत पोहोचली ती ठिकाणे त्यांत दिसतात. जेथे पोहोचली नाही, तेथे कॅमेराही पोहोचला नाही. म्हणून या छायाचित्रांवरून दुष्काळाची तीव्रता ठरविणे आम्हांस धोक्याचे वाटते.

तंत्राच्या मर्यादाही आपण स्वभाव समजून बसतो. चित्र टिपण्यास काही क्षण लागत. तेवढा वेळ निश्चल राहावे लागे, हसू टिकत नसे. त्यावरून आपले पणजोबा कडक शिस्तीचे होते असे आपण खुशाल सांगतो! तसेच ती कोरीव खुर्ची, फुलदाणी, मागील कमान व बगीचा ही बहुधा स्टुडिओची मालमत्ता असे. तीच खुर्ची दुसऱ्या कुटुंबाच्या फोटोतही आढळते. घरात मात्र ‘आमच्या वाड्यातली बैठक’ म्हणून तिची कथा पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. मिरवणुका व यात्रा यांतील हलती गर्दी पुसट उमटत असल्याने उत्सवांपेक्षा रिकाम्या देवळांचीच चित्रे अधिक उरली, हेही लक्षात घ्यावे.

दीनदयाळ १९०५ साली निवर्तले. त्यांच्या अडीच हजारांहून अधिक काचेच्या प्लेटी आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहेत. ज्यांच्या घरी जुने फोटो असतील, त्यांनी चौकटीतील पुठ्ठ्याची खालची कड अवश्य पाहावी. तेथे स्टुडिओचे नाव व गाव छापलेले असते. दीनदयाळ यांच्या नावासोबत मुंबई असेल, तर तो पुठ्ठा १८९६ नंतरचा समजावा, कारण त्यांचा मुंबईचा स्टुडिओ त्या वर्षी सुरू झाला. मागील बाजूस वडीलधाऱ्यांना विचारून व्यक्तींची नावे मऊ पेन्सिलीने लिहावीत. शाई कालांतराने पुढील बाजूस उमटते.