माठाचे मोल

मोर्शीच्या बाजारात माठ घेताना आम्ही भावाची घासाघीस करितो. त्या भावात काय सामावले आहे, हे मात्र पाहत नाही. पूर्वी कुंभार बारा बलुतेदारांपैकी एक असे. सुगीस त्यास धान्याचा वाटा मिळे. आज तो स्वतंत्र कारागीर असल्याने सारी जोखीम त्याच्याच शिरी आहे. यिर्मयाने पाहिलेल्या कुंभाराने चाकावर बिघडलेले पात्र पुन्हा घडविले, कारण माती ओली होती. सुमारे ६०० अंशांपुढे तापलेली माती मात्र पुन्हा मळता येत नाही. आत ओल राहिल्यास वाफेने भांडे आव्यातच फुटते व कित्येक दिवसांचे श्रम वाया जातात. विद्यार्थिमित्रहो, धड माठाच्या किमतीतच त्या फुटक्या माठांची भरपाई असते. ती कापू नये.