इराणमधील खेडे : लोकसंख्या आणि प्रशासकीय दर्जा

खेडे ही जशी लोकवस्ती असते, तसेच ते गणनेचे, सीमांकनाचे आणि सोयीसुविधांच्या वाटपाचे एककही असते. लोकसंख्या घटली की या एककाचे काय होते, हा प्रश्न इराणमधील फारसी भाषक ग्रामीण भागात आज महत्त्वाचा ठरला आहे.

पाच स्तरांची रचना

इराणची प्रशासकीय विभागणी ओस्तान (प्रांत), शहरेस्तान (जिल्हा), बख्श (तालुक्यासारखा विभाग), देहेस्तान (ग्रामसमूह) आणि रूस्ता (खेडे) अशी आहे. २०१० पासून प्रांतांची संख्या ३१ आहे. १९८३ च्या प्रशासकीय विभागणीविषयक कायद्यानुसार खेडे हे या रचनेचे मूळ एकक असून तेथे किमान २० कुटुंबे किंवा १०० व्यक्ती राहत असणे अपेक्षित आहे. बख्शचे मुख्य ठिकाण असलेल्या खेड्यास लोकसंख्या कमी असली तरी शहराचा दर्जा मिळू शकतो.

इराणच्या १९७९ च्या राज्यघटनेतील कलम १०० मध्ये ग्रामपरिषदांची तरतूद आहे. मात्र त्यांच्या पहिल्या निवडणुका १९९९ मध्ये झाल्या. १९९८ च्या कायद्याने गावाचा कारभार पाहणाऱ्या 'देहयारी' या संस्थेचा मार्ग मोकळा झाला. तिचा प्रमुख, म्हणजे देहयार, ग्रामपरिषद निवडते. त्यामुळे काही कुटुंबांच्या स्थलांतरामुळेही लहान गावाचे प्रतिनिधित्व धोक्यात येऊ शकते.

बदलते आकडे

१९५६ च्या पहिल्या राष्ट्रीय जनगणनेत इराणची लोकसंख्या सुमारे १.९ कोटी होती व त्यांपैकी सुमारे ६९ टक्के लोक ग्रामीण भागात राहत. २०१६ मध्ये एकूण लोकसंख्या सुमारे ८ कोटी झाली, तर ग्रामीण वाटा सुमारे २६ टक्क्यांवर आला. १९९६ नंतर ग्रामीण लोकसंख्या प्रत्यक्ष संख्येतही घटू लागली. पाणीटंचाई व रोजगारासाठीचे स्थलांतर ही त्याची कारणे आहेतच. परंतु अनेक खेड्यांना शहराचा दर्जा मिळाल्यानेही ही घट दिसते. म्हणजेच काही ठिकाणी माणसे हलली नाहीत, वर्गवारी बदलली.

गणनेतही अडचणी असतात. केरमान प्रांतातील मेमंद हे खेडे शहरे-बाबक जिल्ह्यात येते. २०१५ मध्ये जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या या गावातील पशुपालक हिवाळ्यात खडकात कोरलेल्या घरांत, तर वसंत व शरद ऋतूंत कुरणांजवळील तात्पुरत्या वस्त्यांत राहतात. अशा गावात प्रत्यक्ष मुक्कामी असलेल्यांची संख्या ऋतूनुसार बदलते.

भारताशी तुलना

भारतात महसुली गाव निर्मनुष्य झाले तरी नोंदीत टिकून राहते. २०११ च्या जनगणनेतील सुमारे ६.४ लाख गावांपैकी ४३ हजारांहून अधिक गावे निर्जन होती. अशा गावासाठी मराठी दप्तरात रूढ असलेला 'बेचिराग' हा शब्द मूळचा फारसीच. त्याचा अर्थ दिवा नसलेले. गावांच्या यादीला म्हणत असलेल्या 'देहझाडा' या शब्दातील 'देह' म्हणजेही फारसीतील खेडे.

शाळा, रस्ता आणि पाणीपुरवठा यांचे निर्णय लोकसंख्येच्या आकड्यांवर अवलंबून असतात. सुविधा नसल्याने लोक गाव सोडतात आणि लोक कमी झाल्याने सुविधा मिळत नाहीत. हे चक्र भेदायचे, तर ठरावीक किमान लोकसंख्येच्या निकषाबरोबरच गावाचे अंतर, जलस्रोत आणि हंगामी वास्तव्य यांचाही विचार नियोजनात व्हावयास हवा.