पहिले बाळंतपण आणि पतीचे शिक्षण

पहिले बाळंतपण माहेरी, हा आपल्याकडील जुना शिरस्ता. डोहाळजेवण झाले, ओटी भरली, की सून बेळगावाहून निपाणीस किंवा कोल्हापुरास जाते आणि जावईबापू दुकानाच्या गादीवर बसून दूरध्वनीची वाट पाहतात. या प्रथेत शहाणपण आहे, हे आम्ही नाकारीत नाही. आईच्या सहवासात मुलीस जो विसावा मिळतो तो सासरी मिळणे कठीण. तथापि तिचा एक परिणाम असा झाला की, ज्याच्या अपत्याचा जन्म व्हावयाचा तो पुरुष या विषयात निरक्षर राहिला. मालाचे भाव व उधारीच्या मुदती त्यास तोंडपाठ असतात. पत्नीचा रक्तगट विचारला, तर तो सासूबाईंच्या तोंडाकडे पाहतो.

पाश्चात्त्य देशांतही पुरुष दाराबाहेरच येरझारा घालीत असे. ग्रँटली डिक-रीड या इंग्रज डॉक्टरांनी १९३३ सालच्या आपल्या ग्रंथात, भीतीने शरीर आखडते व त्यामुळे वेदना वाढतात, असा विचार मांडला. डेन्व्हरचे डॉ. रॉबर्ट ब्रॅडली यांनी १९६५ साली पतीसच शिकवून पत्नीजवळ बसविण्याचा पुरस्कार केला. त्यांची सर्वच मते स्वीकारावीत असे नाही. परंतु सोबतीचे मोल आता तपासून पाहिले गेले आहे. २०१७ सालच्या कॉक्रेन आढाव्यात २६ चाचण्यांतील पंधरा हजारांहून अधिक स्त्रियांची माहिती होती. अखंड सोबत लाभलेल्या स्त्रियांत शस्त्रक्रियेचे प्रमाण कमी आढळले. भारत सरकारनेही २०१६ साली सरकारी प्रसूतिगृहांत सोबतीणीस अनुमती दिली, आणि आडोशाची सोय असेल तेथे पतीसही.

मग पतीने शिकावे काय? प्रथम कळा ओळखणे. खोट्या कळा अनियमित असतात, चालल्याने वा कूस बदलल्याने ओसरतात. खऱ्या कळा जवळजवळ येतात व तीव्र होत जातात. एक कळ सुरू झाल्यापासून दुसरी सुरू होईपर्यंतचा काळ घड्याळ लावून टिपावा. रोजकीर्द लिहिणाऱ्या हातास हे अवघड नाही. पहिलटकरणीच्या कळा पुष्कळ तास चालतात, म्हणून घाबरून धावपळ नको. उलट पाणी फुटले, अंगावरून रक्त गेले, डोके असह्य दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, झटके आले किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर कळांची वाट न पाहता तत्काळ रुग्णालय गाठावे. वाहन, पैसे, तपासणीचे कागद आणि रक्त देऊ शकतील अशी दोन माणसे आठव्या महिन्यातच ठरलेली असावीत.

सर्वांत नाजूक प्रसंग शस्त्रक्रियेच्या संमतीचा. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी असते. तरी आपल्या घरांत जावयाचा होकार येईपर्यंत वडीलमंडळी खोळंबतात, आणि परगावी असलेला जावई काहीच न उमगल्याने ‘मी आल्यावर पाहू’ म्हणतो. असा एक तासही बाळास वा आईस महाग पडू शकतो. पत्नीस माहेरी धाडण्यापूर्वीच दोघांनी डॉक्टरांपुढे बसून हे बोलून घ्यावे व तो निर्णय सासऱ्यांसही कळवावा.

प्रसूतिगृहात पतीचे काम थोडे आहे: कंबर चोळणे, डॉक्टरांची हरकत नसल्यास पाण्याचा घोट देणे, सावकाश श्वास घेण्याची आठवण करणे, आणि ‘जोर कर’ असा ओरडा स्वतःहून न करणे. बाळ जन्मल्यावर पहिल्या तासातच आईचा चीक द्यावा. मध चाटविण्याचा आग्रह कोणी धरलाच, तर तेथे नम्रतेने पण ठामपणे आडवे यावे. पुढे तीन-चार दिवसांनी बाळंतिणीस अकारण रडू येते, ते बहुधा आपोआप निवळते. दोन आठवड्यांनंतरही ती उदास राहिली, तर डॉक्टरांस दाखवावे.

संघाच्या सभागृहात एखाद्या सुटीच्या दिवशी स्त्री-डॉक्टरांस बोलावून असा वर्ग भरविता येईल. सासूबाईंदेखत हे ऐकण्याचा संकोच तरुणांस वाटेल, हे आम्ही जाणतो. त्यांच्यासाठी वेळ निराळी ठेवावी.