स्ट्रॉयेट

डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन हिच्या मध्यवस्तीतील वाहनमुक्त बाजाररस्ता. लांबी सु. १·१ किमी. पश्चिमेकडील नगरभवनाच्या चौकापासून पूर्वेकडील काँगेन्स न्यूटॉर्व्ह या राजचौकापर्यंत तो जातो. फ्रेडरिक्सबर्गगेड, नूगेड, विमेलस्काफ्टेट, आमायरटॉर्व्ह व उस्टरगेड यांचा तो मिळून बनला असून स्ट्रॉयेट हे त्यांचे लोकरूढ एकत्रित नाव होय. त्यातून रमतगमत चालण्याची वाट असा अर्थ सूचित होतो.

मध्ययुगीन नगरातील हा रस्ता जेमतेम दहा-बारा मीटर रुंदीचा. दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारींची संख्या वाढली, तसे पादचारी दोन्ही कडांच्या अरुंद पदपथांवर लोटले गेले. नाताळच्या खरेदीच्या वेळी दोनएक दिवस तो वाहनांना बंद ठेवण्याची पद्धत पूर्वीपासून होती. तिचाच आधार घेऊन १७ नोव्हेंबर १९६२ रोजी तो प्रायोगिक तत्त्वावर बंद करण्यात आला. या प्रयोगामागे महापालिकेतील आल्फ्रेड वासार्ड यांचा पुढाकार होता. त्यापायी त्यांना धमक्याही आल्या. मोटार गेली की गिऱ्हाईकही जाईल, ही व्यापाऱ्यांची भीती होती आणि ज्यांची उपजीविकाच दुकानावर होती त्यांच्या दृष्टीने ती अनाठायी म्हणता येत नाही. डॅनिश माणूस इटालियन नव्हे, या थंड व पावसाळी हवेत तो चौकात रेंगाळणार नाही, असाही आक्षेप होता. प्रत्यक्षात पहिल्या वर्षातच पादचाऱ्यांची संख्या सु. ३५ टक्क्यांनी वाढली. १९६४ मध्ये ही व्यवस्था कायम करण्यात आली.

या बदलाचा पद्धतशीर अभ्यास वास्तुविशारद यान गेल यांनी केला. लिव्हेट मेलेम हुसेने (१९७१) या त्यांच्या ग्रंथात सार्वजनिक जागेतील मानवी वर्तनाची चिकित्सा आहे. त्यांच्या पाहणीचे वैशिष्ट्य असे, की किती लोक रस्त्याने गेले एवढेच न मोजता किती लोक तेथे थांबले, बसले, हेही मोजण्यात आले. १९६८ ते १९९५ या काळात मध्यवस्तीतील वाहनमुक्त क्षेत्र सु. साडेतीन पट झाले आणि तेथे थांबणाऱ्यांचे प्रमाणही जवळजवळ तितक्याच पटीने वाढले. मुख्य रस्त्यावरील चालणाऱ्यांची गर्दी मात्र फारशी वाढली नाही. गर्दीच्या वेळी तो आधीच भरलेला असे.

हे यश एका रस्त्यावरील बंदीचे नव्हे. वाहनमुक्त क्षेत्र १९६२ मधील सु. १५,८०० चौ. मी. वरून २००० पर्यंत सु. १,००,००० चौ. मी. झाले, तेही टप्प्याटप्प्याने. मध्यवस्तीतील वाहनतळांची संख्या दरवर्षी थोडीथोडी कमी करण्यात आली, त्यामुळे नागरिकांना सायकल व सार्वजनिक वाहनांची सवय लावून घेण्यास अवधी मिळाला. स्ट्रॉयेटवर सायकल चालविण्यासही मनाई असून मालवाहू गाड्यांना सकाळची ठरावीक वेळ राखून ठेवलेली आहे. आमायरटॉर्व्हची रंगीत दगडी फरसबंदी (१९९३) ब्यॉर्न नॉर्गोर या शिल्पकाराच्या आराखड्यानुसार झाली.

व्यापार बुडाला नाही, परंतु त्याचे स्वरूप पालटले. दुकानांची भाडी चढत गेली, स्थानिक दुकानांची जागा बव्हंशी मोठ्या साखळी-दुकानांनी घेतली. लहान दुकाने व कॉफीगृहे समांतर असलेल्या स्ट्रेडेट या अरुंद मार्गावर अधिक आढळतात; तेथे मोटारींना पूर्ण बंदी नाही, मात्र त्यांना पादचाऱ्यांच्या गतीने जावे लागते.