वाकड्या पायांचे कोकरू: दोष कोणाचा?

2011 च्या डिसेंबरात नेदरलँड्समधल्या मेंढ्या व्यायला लागल्या आणि काही कोकरे विचित्रच निपजली: पाय सांध्यांत आखडलेले, मान पिळलेली, कणा वाकलेला. त्याच्या महिनाभर आधी जर्मनीच्या फ्रीडरिश लोफ्लर संस्थेने श्मालेनबर्ग गावाजवळच्या गाईंच्या रक्तात एक नवा विषाणू ओळखला होता. विषाणूला त्या गावाचेच नाव मिळाले. त्याच्याभोवतीचे काही समज तपासून पाहू.

गैरसमज: व्यंग पायात आहे, म्हणजे नराचे बीज खराब किंवा हाडांचा दोष.
वस्तुस्थिती: मूळ दुखणे मेंदूत आणि मज्जारज्जूत असते. आईच्या रक्तातला विषाणू वार ओलांडून गर्भात शिरतो आणि तिथे नुकत्याच घडत असलेल्या चेतापेशी मारतो. स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशीच गेल्या की स्नायू वाढत नाहीत, गर्भ हालचाल करत नाही आणि न हललेले सांधे आहे त्या स्थितीत आखडतात.

गैरसमज: गाभण जनावर ठणठणीत होते, मग गाभाला काय होणार?
वस्तुस्थिती: मेंढीत बहुधा लक्षणे दिसतच नाहीत. गाईला थोडे दिवस ताप, जुलाब, दूध कमी, एवढेच. गाभाचे नुकसान आईच्या तापावर नव्हे, लागण कधी झाली यावर ठरते. मेंढीत साधारण 28 ते 56 वा दिवस धोक्याचा, गाईत साधारण 80 ते 150 वा. त्याआधी वार पुरती जुळलेली नसते. त्यानंतर गर्भ स्वतःच विषाणूशी लढू लागतो. म्हणूनच एकाच उन्हाळ्यात लागण होऊनही व्यंग असलेली कोकरे हिवाळ्यात दिसली, वासरे मात्र बहुतांशी त्यानंतर. गाय नऊ महिने गाभण असते, मेंढी पाच.

गैरसमज: मेंदूच नसेल तर पिल्लू मेलेलेच जन्मते.
वस्तुस्थिती: काही वासरे जिवंत जन्मतात, उभीही राहतात. त्यांना दिसत नाही, सड सापडत नाही, ती गोठ्यात दिशाहीन भटकतात. शवविच्छेदनात कवटी उघडली की मोठ्या मेंदूच्या जागी पातळ पडदा आणि पाणी निघते. श्वास आणि हृदय चालवणारा खालचा भाग मात्र शाबूत असतो.

गैरसमज: असे पिल्लू कळपात रोग पसरवते.
वस्तुस्थिती: हा रोग पसरवतात क्युलिकॉइडस नावाची, एक ते तीन मिलिमीटरची चावरी चिलटे. जन्मापर्यंत अनेक पिल्लांच्या शरीरात विषाणू उरलेलाही नसतो. पण चीक पाजण्याआधी घेतलेल्या रक्तात प्रतिपिंडे सापडतात. मेंढी-गाईंच्या वारेतून आईची प्रतिपिंडे गर्भात जात नाहीत. तेव्हा ती सापडली म्हणजे लढाई गर्भातच झाली होती. माणसांचे म्हणाल, तर जर्मनी आणि नेदरलँड्समध्ये बाधित कळपांत वावरणाऱ्यांचे रक्त तपासले गेले. कोणालाही लागण झाल्याचे आढळले नाही.

गैरसमज: हे युरोपातलेच खूळ.
वस्तुस्थिती: याच कुळातल्या अकाबाने विषाणूने जपानमध्ये 1972 ते 1975 या काळात गर्भपात, मृत जन्म आणि व्यंग यांची चाळीस हजारांहून अधिक प्रकरणे घडवली. श्मालेनबर्गचा अगदी जवळचा भाऊबंद सातुपेरी विषाणू तर पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या एनआयव्हीने, तमिळनाडूतल्या डासांमधून वेगळा केला होता.

गैरसमज: व्यंग असलेले पिल्लू दिलेली मेंढी काढून टाकावी.
वस्तुस्थिती: लागण होऊन गेलेल्या मेंढीत प्रतिकारशक्ती तयार झालेली असते, पुढच्या वेताला तिचे पिल्लू बहुधा धडधाकट होते. ब्रिटनमध्ये 2013 साली लसही आली. ती टोचायची नर सोडण्याआधी. मेंढी महिनाभराची गाभण झाल्यावर नव्हे. आणि आखडलेल्या पायांमुळे मेंढी अडली, तर पिल्लू ओढू नये. सांधे वळत नाहीत, त्यामुळे आईची पिशवी फाटते. तिथे डॉक्टरच हवा.