एक वेळापत्रक, दोन वेग

मॅरेथॉनचं अंतर ४२.१९५ किलोमीटर. किलोमीटरला सहा मिनिटं या वेगाने धावणारा ते ४ तास १३ मिनिटांत कापतो. साडेसात मिनिटं घेणारीला ५ तास १६ मिनिटं लागतात. फरक दीड मिनिटाचाच, पण शेवटच्या रेषेवर तो तासाहून मोठा झालेला असतो. नवरा-बायकोने मिळून तयारी करायची म्हटलं की पहिला प्रश्न हाच येतो. एकाने रोज मागे रेंगाळायचं, की दुसऱ्याने रोज धापा टाकत पाठलाग करायचा?

दोन्हीची गरज नाही. जोडप्याने वाटून घ्यायचा असतो तो वेळ. घरातली कामं, झोप, जेवण आणि रविवारची सकाळ वाटून घ्यायची. वेग ज्याचा त्याचाच ठेवायचा. मुंबईत जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारच्या सुमारास होणारी मॅरेथॉन समोर ठेवून हे कसं जमवायचं ते पाहू. दोघांनीही आधी एखादी अर्धमॅरेथॉन केली आहे, असं धरलं आहे.

वेग वेगळा का असतो

बाईचं हृदय सरासरीने लहान असतं आणि रक्तातलं हिमोग्लोबिन कमी असतं. त्यामुळे स्नायूंपर्यंत पोचणारा प्राणवायू कमी पडतो. जगातल्या सर्वोत्तम धावपटूंमध्येही हे अंतर दिसतं. २०२३ मध्ये तिगिस्त असेफाने बर्लिनला २ तास ११ मिनिटं ५३ सेकंद अशी वेळ दिली आणि केल्विन किप्टमने शिकागोला २ तास ३५ सेकंदांची. हा फरक साडेनऊ टक्क्यांच्या आसपास येतो.

घरातल्या जोडीत मात्र वय, वजन, झोप आणि धावण्याचा सराव किती वर्षांचा, या गोष्टी स्त्री-पुरुष फरकापेक्षा भारी ठरतात. कित्येक घरांत बायकोच पुढे असते. म्हणून पुढे ‘वेगवान’ आणि ‘संथ’ एवढेच शब्द वापरले आहेत. आपल्या घरी कोण कोणता, ते ज्याचं त्याने ठरवावं.

आधी सोपा वेग शोधा

तयारीतलं बहुतांश धावणं सोपं असावं लागतं. सोपं म्हणजे धावताना पूर्ण वाक्यं बोलता आली पाहिजेत. दोन-तीन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला, तर वेग जास्त आहे. ही बोलण्याची कसोटी दोघांनी वेगवेगळी घ्यावी आणि आपापला आकडा लिहून ठेवावा. वेगवानाचा सोपा वेग किलोमीटरला ६ मिनिटं ४० सेकंद आणि संथाचा ८ मिनिटं आला, असं समजू.

जोडीने धावताना सर्वांत जास्त नुकसान इथेच होतं. वेगवानाला जो वेग सोपा वाटतो, तो संथासाठी कष्टाचा असतो. रोज त्याच्याबरोबर धावायचं म्हटलं की संथ माणसाचा प्रत्येक दिवस कठीण दिवस होतो. थकवा साचतो, पोटरी किंवा नडगी दुखू लागते, आणि महिन्याभरात ‘हे आपलं काम नाही’ असं वाटायला लागतं. वास्तविक तयारीची आखणीच चुकलेली असते.

किलोमीटर नको, मिनिटं मोजा

यावरचा उपाय अगदी साधा आहे. दोघांनी एकाच जागेहून, एकाच वेळी निघायचं. ठरलेल्या वेळेच्या निम्मी मिनिटं झाली की जिथे असू तिथून मागे वळायचं. साठ मिनिटांच्या धावण्यात वेगवान साडेचार किलोमीटरवर वळेल आणि संथ पावणेचार किलोमीटरवर. दोघंही वेग राखून आले, तर सुरुवातीच्या जागी एकाच मिनिटाला पोचतील. एकाचे नऊ किलोमीटर होतील, दुसऱ्याचे साडेसात. मेहनत दोघांची सारखी, आणि कुणी कुणाची वाट पाहिलेली नाही.

यात आणखी एक फायदा आहे. वळल्यावर संथ माणूस पुढे असतो आणि वेगवान मागून येत असतो. वेगवान पाच मिनिटं उशिरा पोचला, तर समजावं की तो जाताना जास्त जोरात गेला आणि परतीला ढेपाळला. संथाचंही तसंच. घड्याळातल्या आलेखापेक्षा हे लवकर कळतं.

वेगाचा सरावही मिनिटांवरच करावा. तीन मिनिटं जोरात आणि दोन मिनिटं हळू, असे सहा फेरे. हळूच्या दोन मिनिटांत वेगवानाने मागे वळून जोडीदाराकडे यायचं आणि पुढचा फेरा दोघांनी एकाच ठिकाणाहून सुरू करायचा. चढाचा सराव त्याहून सोपा. मिनिटभर जोरात वर जायचं आणि उतरताना एकत्र यायचं. पुण्यात कुठलीही टेकडी, साताऱ्यात यवतेश्वरचा घाट, मुंबईत एखादा उड्डाणपूलही यासाठी चालतो.

खांद्याला खांदा लावून धावण्याचा एक दिवस मात्र आठवड्यात जरूर ठेवावा. त्या दिवशी वेग संथाचा. वेगवानासाठी ती विश्रांतीची धाव होते आणि तिची त्यालाही गरज असतेच. उलट कधीच करू नये.

आठवडा कसा लावायचा

नोकरी आणि घर सांभाळून आठवड्याला चार दिवस धावणं पुरतं. मंगळवारी वेग किंवा चढ, बुधवारी एकत्र सोपी धाव, शनिवारी मध्यम धाव आणि रविवारी लांब पल्ला. दोन दिवस अर्धा-अर्धा तास ताकदीचा व्यायाम: उठाबशा, पायऱ्या चढणं, एका पायावरचा तोल, पोटाचे आणि पाठीचे व्यायाम. एक दिवस पूर्ण सुट्टी.

कागदावर हे सोपं दिसतं. अडचण असते ती पहाटेच्या दोन तासांची. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या पाहणीत, घरकाम करणाऱ्या बायकांची त्यावरची सरासरी दिवसाला २९९ मिनिटं भरली आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांची ९७ मिनिटं. हा हिशेब तसाच ठेवून दोघांना एकच धावण्याचा तक्ता दिला, तर बाई झोप कापून धावणार. झोप कापून केलेला सराव अंगी लागत नाही, कारण स्नायूंची डागडुजी मुख्यतः झोपेत होते.

म्हणून तक्ता लिहिताना धावण्याच्या रकान्याशेजारी घराचा रकानाही लिहावा. डबे कोण भरणार, दूध कोण घेणार, मुलांना शाळेच्या बससाठी कोण सोडणार, हे वारांनुसार नाव घालून लिहावं. मुलं लहान असतील तर आळीपाळीने बाहेर पडावं. एक पाच ते सहा, दुसरा सहा ते सात. लांब पल्ला एकाने शनिवारी करावा, दुसऱ्याने रविवारी, आणि दर आठवड्याला वार बदलावेत. आजी-आजोबा किंवा शेजारी मुलांजवळ थांबायला तयार असतील, तर महिन्यातून एक रविवार त्यांच्याकडे आधीच मागून ठेवावा. सासर-माहेरच्या मंडळींनाही शर्यतीची तारीख आणि पहाटे उठण्याचं कारण सांगून ठेवलं की रात्री उशिराच्या जेवणांची आमंत्रणं आपोआप मागे-पुढे होतात.

अठरा आठवडे

जानेवारीच्या शर्यतीसाठी सप्टेंबरच्या मध्यापासून सुरुवात करावी. लांब पल्ला दीड तासाने सुरू करून आठवड्याला दहा-पंधरा मिनिटांनी वाढवत न्यावा. दर चौथ्या आठवड्यात तो कमी करावा, म्हणजे शरीराला भरून यायला वाव मिळतो. हे हलके आठवडे सणांवर बसवावेत. नवरात्रात उपवास असेल, तर तो आठवडा हलका. दिवाळीतला एक आठवडाही तसाच. मार्गशीर्षातल्या गुरुवारी उपवास करणाऱ्यांनी त्या आठवड्यांत वेगाचा सराव मंगळवारीच उरकावा, गुरुवारवर ढकलू नये.

ऑक्टोबरचा उकाडा या तयारीतला सर्वांत कठीण काळ. उष्ण, दमट हवेत तोच वेग राखायला हृदयाला जास्त काम पडतं. अशा दिवशी वेग उतरू द्यावा आणि मिनिटं तेवढीच ठेवावीत. दहा-चौदा दिवसांत शरीर उष्णतेला सरावतं. नोव्हेंबरपासून गारवा आला की मेहनत तेवढीच असतानाही वेग सुधारलेला दिसतो.

सर्वांत लांब धाव शर्यतीच्या तीन आठवडे आधी करावी. ती सुमारे २०० मिनिटांची असावी. तेवढ्यात वेगवानाचे ३० किलोमीटर होतील आणि संथाचे २५. आपलेही तीस झालेच पाहिजेत म्हणून संथाने चार तास धावू नये. साडेतीन तासांपुढे मिळणारा फायदा कमी आणि झीज जास्त. उरलेली कसर आदल्या दिवशी शनिवारी तासभर धावून भरून काढावी, म्हणजे रविवारी थकल्या पायांनी धावण्याची सवय होते. शेवटचे तीन आठवडे अंतर उतरवत न्यायचं. पाय शिवशिवतील, तरी जास्त धावायचं नाही.

एक स्वयंपाकघर, दोन गरजा

लोह ही पहिली वेगळी गरज. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ पुरुषाला रोज १९ मिलिग्रॅम लोह लागतं आणि पाळी येणाऱ्या स्त्रीला २९. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयातल्या ५७ टक्के भारतीय स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. धावताना दम लागतो म्हणून सराव वाढवण्याआधी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासून घ्यावं. अळीव, पालेभाज्या, कडधान्यं खाताना वर लिंबू पिळावं आणि जेवणाला लागून चहा घेऊ नये, कारण चहाने लोहाचं शोषण कमी होतं. सराव वाढल्यावर पाळी लांबली किंवा थांबली, तर ते खाणं कमी पडत असल्याचं लक्षण असू शकतं. डॉक्टरांना दाखवावं.

दुसरी गोष्ट इंधनाची. शरीरातला कर्बोदकांचा साठा, म्हणजे ग्लायकोजेन, साधारण तिसाव्या किलोमीटरच्या आसपास संपत येतो आणि पाय जड होतात. म्हणून धावताना तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं घ्यावी लागतात: केळं, खजूर, चिक्की किंवा जेल. कुणाला काय पचतं ते लांब पल्ल्याच्या सरावातच कळतं, आणि एकाला पचलेलं दुसऱ्याला पचेलच असं नाही. दोघांच्या पिशव्या वेगळ्या भराव्यात.

पाण्याचंही तसंच. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम कमी झालेलं आढळलं. धावताना वजन वाढणं, म्हणजे गरजेपेक्षा जास्त पाणी पिणं, आणि चार तासांहून जास्त वेळ धावणं ही त्यामागची मोठी कारणं होती. संथ आणि लहान चणीच्या माणसाला हा धोका जास्त. ‘पाणी पी, पाणी पी’ असा प्रेमाचा आग्रह इथे घातक ठरू शकतो. लांब धावेआधी आणि नंतर दोघांनी वजन करावं. एक किलो कमी झालं म्हणजे साधारण एक लिटर पाणी गेलं. वजन थोडं घटलेलं चालतं, वाढलेलं चालत नाही.

एकजण थांबला तर

चार महिन्यांत एकाला तरी ताप येतो किंवा गुडघा धरतो. अशा वेळी दुसऱ्याने सोबत म्हणून सराव सोडू नये आणि दुखणाऱ्याला ओढूनही नेऊ नये. थांबलेल्याने सायकलवर सोबत करावी, पाणी द्यावं. आठवडाभराचा खंड पडला तर फारसं बिघडत नाही. तीन आठवडे गेले, तर मॅरेथॉनऐवजी पुढच्या एखाद्या शर्यतीचा विचार करावा. चाळिशी उलटलेल्यांनी आणि रक्तदाब, मधुमेह किंवा घरात हृदयविकाराचा इतिहास असलेल्यांनी तयारी सुरू करण्याआधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

शर्यतीचा दिवस

आज नवरा-बायको एका रेषेवर सहज उभे राहतात. बोस्टनला हा हक्क बायकांना अधिकृतपणे १९७२ मध्ये मिळाला. त्याआधी १९६७ मध्ये कॅथरीन स्वित्झर बिब (शर्यतीचा क्रमांक) लावून धावत असताना एका अधिकाऱ्याने तिला रस्त्यातच ओढायचा प्रयत्न केला होता. बरोबर धावणाऱ्या तिच्या मित्राने त्याला धक्का देऊन बाजूला केलं आणि तिने शर्यत पूर्ण केली. ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉन यायला १९८४ उजाडावं लागलं.

एकत्र धावायचं की वेगळं, हे आदल्या आठवड्यात ठरवावं. एकत्र धावायचं असेल तर वेग पहिल्या किलोमीटरपासून संथाचा, आणि वेगवानाने आपली वेळ त्या दिवसापुरती सोडून द्यायची. मॅरेथॉनच्या आकडेवारीत उत्तरार्धात पुरुषांचा वेग बायकांपेक्षा जास्त घसरताना दिसतो. तेव्हा ज्याचा हात घड्याळावर स्थिर, त्याने तो संथाचा वेग सांभाळावा. वेगळं धावायचं असेल तर आपापल्या पेसरची, म्हणजे ठरलेल्या वेगाने धावून गटाला सोबत नेणाऱ्याची, ‘बस’ पकडावी आणि शेवटी भेटायची जागा नक्की करावी, कारण गर्दीत फोन लागेलच असं नाही.

आणखी एक प्रश्नही आधीच सोडवून ठेवावा. एकाला पेटके आले तर दुसऱ्याने थांबायचं का? माझं मत स्पष्ट आहे. छातीत दुखलं, चक्कर आली, बोलणं असंबद्ध झालं तर लगेच थांबायचं आणि वैद्यकीय मदत घ्यायची. नुसते पेटके असतील तर जोडीदाराने सांगितल्यावर पुढे जायचं. हे आधी बोललेलं असलं की मुंबईच्या शर्यतीतल्या पेडर रोडच्या चढावर, पस्तीसेक किलोमीटर अंगात मुरलेले असताना, वाद होत नाहीत आणि मागाहून मनात सलही राहत नाही.

शर्यतीनंतर दोन आठवडे पायांना विश्रांती द्यावी. त्या काळात तक्त्यातला धावण्याचा रकाना रिकामा राहील. घराचा रकाना मात्र तसाच चालू ठेवावा. डबे, दूध, शाळेची बस यांची वाटणी शर्यत संपली म्हणून मोडण्याचं कारण नाही. चार महिन्यांत घराला लागलेली ही सवय टिकली, तर पुढच्या शर्यतीची निम्मी तयारी आत्ताच झालेली असेल.